जपानहून आलेली अल्फार्ड, मीटरवर १,०९,३००: हे मैल धरायचे की किलोमीटर?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. इथे रेडिंगजवळ एका डीलरकडे टोयोटा अल्फार्ड बघून ठेवली आहे. गाडी पसंत आहे, पण रनिंगचा हिशेब लागत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

गाडीचा मॉडेल कोड एएनएच२०, २.४ पेट्रोल. जपानमधली पहिली नोंदणी मार्च २०११ ची, इंग्लंडात नोंदली गेली २०२० च्या सुरुवातीला. मीटरवर आज १,०९,३००. ओडोच्या (एकूण धावलेलं अंतर दाखवणाऱ्या मीटरच्या) आकड्याशेजारी बारीक अक्षरांत किमी असं दिसतं, पण स्पीडोच्या डायलवर 'एमपीएच'चं स्टिकर चिकटवलेलं आहे. डीलरचं म्हणणं, "आकडा किलोमीटरचा आहे, ०.६२ ने गुणा, ६८ हजार मैल झाले, संपला विषय."

सरकारी साइटवर गाडीचा नंबर घालून एमओटीचा (इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास काढला, तो असा:

फेब्रुवारी २०२०: ८६,४०० किमी
मार्च २०२१: ९१,२०० मैल
मार्च २०२२: ९६,९०० मैल
मार्च २०२३: १,०२,६०० किमी
मार्च २०२४: १,०७,९०० किमी

आकडा सरळ चढत गेलाय, कुठे घसरलेला नाही. पण कधी मैल, कधी किलोमीटर. खरं रनिंग किती धरायचं? पैसे देण्याआधी स्वतः काय तपासता येईल? डीलरने निर्यात दाखल्याची झेरॉक्स दिली आहे, पण ती सगळी जपानीत आहे. हजार-दोन हजार मैलांचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर किंमत पुन्हा बोलावी लागेल.

वायरिंगचा_कोपरा

रेडिंगकर, डीलरचा गुणाकार बरोबर आहे, पण तो या गाडीला लागू होतो की नाही हे आधी ठरवायला हवं. मीटर 'कन्व्हर्ट केलंय' असं सगळेच म्हणतात, पण कन्व्हर्ट करायचे तीन अगदी वेगळे मार्ग आहेत आणि प्रत्येकात ओडोचा आकडा वेगळा वागतो.

पहिला मार्ग, फक्त डायलचा चेहरा बदलणं. काटा पूर्वीइतकाच फिरतो, त्याच्या मागचे छापील आकडे मैलांचे करतात. जपानी डायल १८० किमीपर्यंत असतो आणि १८० किमी म्हणजे सुमारे ११२ मैल. त्यामुळे असा बदललेला डायल ११० च्या आसपास संपतो आणि आकड्यांमधली अंतरं मूळ डायलपेक्षा मोठी दिसतात. यात मीटरकडे येणाऱ्या सिग्नलला कोणी हात लावलेला नसतो. ओडो पहिल्या दिवसापासून आजपर्यंत किलोमीटरच मोजत असतो. तुमच्या डीलरचा गुणाकार अशा गाडीला चालतो.

दुसरा मार्ग, सिग्नल कमी करणं. मीटरच्या मागे वेगाच्या सिग्नलची जी वायर येते ती कापून मध्ये काडेपेटीएवढी डबी बसवतात. बऱ्याच जपानी गाड्यांत मीटरला एका किलोमीटरमागे २,५४८ पल्स (विजेचे ठोके) येतात (जुन्या केबलच्या काळातलं ६३७ फेऱ्यांचं मानक, गुणिले चार). ही डबी साधारण ४,१०० पल्स आत घेते आणि २,५४८ पुढे सोडते, म्हणजे १.६०९ ने भागते. परिणाम असा की ताशी १०० किमीने जाताना काटा ६२ वर थांबतो आणि मूळचाच डायल मैलांचा होऊन बसतो. मग 'किमी/ता' या अक्षरांवर 'एमपीएच'चं स्टिकर लावलं की काम झालं. पण तोच सिग्नल ओडोलाही जातो. त्या दिवसापासून ओडोसुद्धा मैल मोजायला लागतो, आणि शेजारची 'किमी' ही अक्षरं मात्र तशीच राहतात, कारण ती स्क्रीनमध्येच आहेत. आधीच्या किलोमीटरवर नंतरचे मैल रचलेले, असा तो मिश्र आकडा असतो.

तिसरा मार्ग, मीटरच्या मेमरीतला आकडाच मैलांत बदलून लिहिणं किंवा मैलांचं पूर्ण मीटर बसवणं. यात एमओटीच्या इतिहासात आकडा एकदम खाली आलेला दिसतो. तुमच्याकडे तसं काही नाही, म्हणून हा मार्ग बाद.

आता डायल नीट बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आकडे ०, २०, ४० असे १८० पर्यंत, मूळ छपाई, आणि त्यावर फक्त 'एमपीएच'चा तुकडा चिकटवलेला? मग पल्स भागलेले आहेत. अल्फार्ड ताशी १८० मैल जात नाही, तसा डायल कोणी मुद्दाम छापत नाही. ११० च्या आसपास संपणारा नवा चेहरा असेल तर ओडो किलोमीटरचा.

तरी डायलवर विसंबू नका, रस्त्यावर मोजून घ्या. एम४ सारख्या मोटरवेच्या कडेला निळ्या छोट्या पाट्या असतात: वर रस्त्याचं नाव, मध्ये ए किंवा बी, खाली आकडा. तो आकडा किलोमीटरमधलं अंतर असतो आणि या पाट्या बहुतेक ठिकाणी दर ५०० मीटरवर आहेत. त्यांच्या मधले बुटके खांब दर १०० मीटरवर असतात. समजा ७०.० च्या पाटीपाशी ट्रिप मीटर शून्य केलं आणि ८०.० च्या पाटीपाशी वाचलं, तर बरोबर १० किमी झाले. ट्रिप १०.० दाखवत असेल तर मीटर किलोमीटर मोजतंय, ६.२ दाखवत असेल तर मैल. बटण दाबणं आणि वाचणं शेजारी बसलेल्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. डीलर एवढं लांब जाऊ देत नसेल तर ३ किमीही पुरतात: ३.० किंवा १.९, गल्लत व्हायला वाव नाही.

टायर मूळ मापाचे आहेत का तेही बघून ठेवा. या गाडीला २१५/६०आर१७ असतात तेव्हा चाकाचा व्यास सुमारे ६९० मिमी येतो. २३५/५०आर१८ ने जेमतेम दोन-तीन मिमी फरक पडतो, तो सोडून द्या. पण कोणी हौसेने २४५/४०आर२० घातले असतील तर व्यास ७०४ च्या घरात जातो आणि मीटर दोन टक्के कमी मोजतं. ६.२ च्या जागी ६.१ दिसलं तर कारण ते.

आणखी एक खूण फुकटात मिळते. ज्या गाड्यांत सरासरीचा हिशेब मीटर स्वतः करतं, तिथे भागलेल्या सिग्नलमुळे सरासरीही तितकीच खाली येते. गाडी लिटरला ९ देत असेल तर स्क्रीनवर ५.६ दिसतं. एवढी भारी गाडी म्हटल्यावर लोक तो आकडा खरा मानतात आणि इंजिनावर संशय घेतात.

एमओटीतला गोंधळही यातूनच येतो. परीक्षक आकडा वाचतो आणि एकक यादीतून निवडतो. एकाचं लक्ष 'किमी' अक्षरांकडे जातं, दुसऱ्याचं 'एमपीएच'च्या स्टिकरकडे. त्यामुळे त्या इतिहासातल्या एककाला पुरावा मानू नका, आकडा आणि तारीख तेवढी घ्या.

निहोंगो_पुणे

वायरिंगवाल्यांनी मीटरची बाजू सांगितली, मी जपानच्या कागदांचं सांगते. मिश्र आकड्यात बदल कोणत्या आकड्यावर झाला हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि बदलाआधीचा आकडा खरा होता का हे फक्त जपानी कागदच सांगतात. इथल्या गाडी-तपासणीच्या पैसे भरून मिळणाऱ्या रिपोर्टांना जपानमधली वर्षं दिसतच नाहीत. कर्ज, चोरी, अपघात यांसाठी तो रिपोर्ट जरूर घ्या, रनिंगसाठी त्याचा उपयोग इंग्लंडातल्या वर्षांपुरताच.

तुमच्याकडची झेरॉक्स बहुधा 'युशुत्सु माश्शो कारी तोरोकु शोमेइशो'ची आहे, म्हणजे निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचा दाखला. मूळ प्रत इथल्या नोंदणीच्या वेळी डीव्हीएलएकडे (गाड्या नोंदणाऱ्या सरकारी खात्याकडे) जमा होते, म्हणून विक्रेत्याकडे झेरॉक्सच असणार, त्यात वावगं काही नाही. त्यात खाली 'बिको' म्हणजे शेऱ्यांची मोठी चौकट असते. तिथे 'सोकोक्योरिकेइ ह्योजिची' असं लिहून पुढे किलोमीटरचा आकडा आणि तारीख येते. हा शेवटच्या शाकेनच्या (जपानमधल्या सक्तीच्या ठरावीक तपासणीच्या) वेळचा ओडोचा आकडा. त्याच्याच जवळ, सुरुवातीला 'क्यू' म्हणजे 'जुना' हे अक्षर असलेली दुसरी ओळ असेल, तर तो त्याआधीच्या शाकेनचा.

जपानमध्ये शाकेनच्या वेळी ओडोचा आकडा दाखल्यावर उतरवण्याची पद्धत २००४ पासून आहे. खासगी नव्या गाडीचं पहिलं शाकेन तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. मार्च २०११ ची गाडी म्हणजे मार्च २०१४, २०१६, २०१८ च्या सुमारास आकडे नोंदले गेलेले असणार. आकडा शंभरापर्यंत खाली उतरवून लिहितात, म्हणून शेवटी नेहमी दोन शून्यं असतात. ती बघून 'अंदाजे लिहिलंय' असं समजू नका.

तारीख जपानी शकात असते. हेइसेइ असेल तर १९८८ मिळवा, रेइवा असेल तर २०१८. हेइसेइ ३० म्हणजे २०१८. २०१९ मध्ये एप्रिलअखेरपर्यंत हेइसेइ ३१ आणि १ मेपासून रेइवा १ आहे. हाताने लिहिलेल्या कागदावर रेइवाच्या पहिल्या वर्षी १ ऐवजी 'गान' हे अक्षर लिहिलेलं असतं, तिथे वाचणारा अडखळतो.

चौकटीतले दोन्ही आकडे आणि तारखा इथे लिहा, मग वार्षिक सरासरी काढून पाहू. नोंदणी नंबर किंवा चासी नंबर मात्र टाकू नका.

ग्लव्ह बॉक्समध्ये 'तेन्केन सेइबी किरोकुबो' ही देखभालीची पुस्तिका आहे का तेही बघा. प्रत्येक तपासणीची तारीख आणि किलोमीटर त्यात असतात. निर्यातदार मालकाचं नाव-पत्ता असलेले कागद काढून टाकतात, त्यामुळे पुस्तिका नसणं हा दोष नाही, असली तर मात्र सोनं. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर किंवा बॉनेटखाली 'ओइरु कोकान' असं लिहिलेलं तेल बदलल्याचं स्टिकर बऱ्याचदा तसंच राहिलेलं असतं. त्यावर बदल केला ती तारीख आणि पुढच्या वेळचा किलोमीटरचा आकडा असतो. मीटर मागे घेणारे डॅशबोर्ड उघडतात, पण दाराच्या चौकटीवरचं फिकट स्टिकर खरवडायला विसरतात.

लिलावाचा कागद मिळाला तर तोही मागा, पण डीलरच्या मोबाइलवरचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे. खोटे कागद बनवून मिळतात. कागदावरून लिलावघर, तारीख आणि लॉट नंबर घ्या आणि चासी नंबरवरून स्वतः पैसे भरून तपासा. जपानी गाडीला १७ अक्षरी व्हीआयएन (इतर देशांत वापरतात तो गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, एएनएच२० असा मॉडेल कोड आणि पुढे सात आकडे असतात. शोधताना मधली आडवी रेघ घालून आणि न घालता, दोन्ही प्रकारे बघा. कागदात तीन शब्द शोधायचे: 'सोको फुमेइ' म्हणजे रनिंग खात्रीचं नाही, 'काइझान' म्हणजे मीटरमध्ये फेरफार, 'मीता कोकान' म्हणजे मीटर बदललेलं. पहिल्या दोहोंपैकी एक असेल तर ती गाडी सोडून द्या. तिसरा असेल तर बदलताना किती आकडा होता ते सोबत लिहिलेलं असतं, त्यात जुनं आणि नवं मिळवायचं. हे सगळं स्वतः करायचं नसेल तर बिम्टा ही ब्रिटिश संघटना जपानी नोंदींवरून ओडो तपासून प्रमाणपत्र देते.

लेस्टर_वाचक

मध्येच विचारतो, माफ करा. होंडा फिट बघतोय. २०२१ च्या एमओटीत ७४,५०० किमी, २०२२ मध्ये ४४,९०० मैल. रिपोर्टवर रनिंगबद्दल लाल इशारा आला आहे. विक्रेता म्हणतो, मीटर मैलांत करून घेतलं म्हणून आकडा कमी झाला. पटण्यासारखं आहे का?

वायरिंगचा_कोपरा

लेस्टर_वाचक, हा वर सांगितलेला तिसरा मार्ग. आकडा खाली आला एवढ्याने घाबरायचं कारण नाही, रिपोर्टची यंत्रणा एकक बघत नाही आणि सरसकट लाल करते. पण किती खाली आला ते तपासायलाच हवं. ७४,५०० ला ०.६२१४ ने गुणा: ४६,२९० च्या आसपास. नुसतं रूपांतर केलं असतं तर मीटर याच्या खाली जाऊच शकत नाही, आणि वर वर्षभर गाडी चाललेली आहे तेही त्यात मिळायला हवं. तुमच्याकडे ४४,९०० आहे. वर्षभर गाडी जागची हलली नाही असं धरलं तरी जवळपास १,४०० मैल कमी भरतात.

एक निर्दोष कारण असू शकतं, ते म्हणजे २०२१ चा आकडा टंकताना चुकला. म्हणून २०२० आणि २०१९ चे आकडे त्याच्याशी जुळतात का बघा. जुळत असतील तर विक्रेत्याकडे मीटर बदलणाऱ्याचं बिल मागा, त्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे हवेत. बिल नसेल तर ही गाडी 'रनिंग खात्रीचं नाही' या भावात घ्यायची किंवा घ्यायची नाही. नवा आकडा भागिले जुना आकडा, उत्तर ०.६२ पेक्षा कमी आलं की रूपांतराची सबब संपली, एवढं कोणत्याही गाडीला लावून बघा.

रेडिंगकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा जाऊन मोजलं:

डायल ० ते १८०, मूळ छपाई, 'एमपीएच'चा तुकडा वरून चिकटवलेला. मोटरवेवर १० किमीला ट्रिप ६.२. सरासरी ५.४ दाखवतं. टायर २१५/६०आर१७.

झेरॉक्समधल्या चौकटीत ७१,२०० आणि ३० व ३ असे आकडे, 'क्यू'च्या ओळीत ५१,८०० आणि २८ व ३. सगळ्यात वर दाखल्याची तारीख रेइवा १, महिना ११.

म्हणजे ओडो आता मैल मोजतो हे नक्की. पण तो २०२० पासूनच मैल मोजतोय की डबी नंतर कधी बसली, हे कसं कळणार?

वायरिंगचा_कोपरा

चांगला प्रश्न. दर वर्षाची वाढ ४,८००, ५,७००, ५,७००, ५,३०० अशी आहे. एवढे मैल एखादं कुटुंब सहज चालवतं, आणि एवढे किलोमीटरही चालवतं, त्यामुळे नुसत्या वाढीवरून निकाल लागत नाही. पण ती वाढ सारखी आहे हे लक्षात घ्या. डबी मध्येच बसली असती तर त्या वर्षापासून वाढ एकदम ०.६२ पट झाली असती, ५,७०० ची ३,५०० वगैरे. तशी पायरी कुठेही दिसत नाही.

दुसरा पुरावा नोंदणीचा. गाडी २०२० मध्ये आली तेव्हा दहा वर्षांच्या आतली होती, म्हणून तिला इथे नोंदणीआधी आयव्हीए तपासणी (आयात गाडी इथल्या नियमांत बसते का ती) लागली असणार आणि त्यात स्पीडो मैल दाखवतो का ते बघतात. म्हणजे मीटरचं काम नोंदणीआधीच झालेलं. डबी तेव्हाचीच आणि पहिली एमओटीही त्याच सुमाराची, म्हणून ८६,४०० हा बदलाचा आकडा धरायला हरकत नाही. बिल मिळालं तर उत्तम, पण इतकं पुरतं.

हिशेब असा. ८६,४०० किमी म्हणजे ५३,६९० मैल. १,०९,३०० वजा ८६,४०० म्हणजे २२,९००, हे थेट मैल. बेरीज सुमारे ७६,६०० मैल. डीलरने सगळा आकडा किलोमीटर धरून ६७,९०० काढले. फरक ८,७०० मैलांचा. बहुतेक डीलर हे मुद्दाम करत नाहीत, स्क्रीनवर 'किमी' दिसतं ते मानतात. पण तुम्ही पैसे ७६,६०० च्या गाडीचे द्या.

मीटर काढून बघायला मिळालं तर डबीचे जोड नक्की बघा. पत्र्याच्या पात्याने वायर चिरून बसवलेले निळे किंवा लाल चिमटे असतील तर ते काळाने सैल होतात. काटा मध्येच शून्यावर पडतो आणि तेवढा वेळ ओडोही थांबतो, म्हणजे त्या काळातलं रनिंग कुठेच उतरत नाही. सोल्डर करून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलेला जोड असेल तर निश्चिंत राहा. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावून तोही एक आकडा घ्या: जीपीएसवर ताशी ५० मैल स्थिर ठेवा आणि रीडरवर वेग बघा. ८० किमी दिसलं तर डबी फक्त मीटरपुरती आहे. ५० दिसलं तर इंजिनाच्या संगणकालाही खोटा वेग जातोय, आणि मग क्रूझ कंट्रोल, नेव्हिगेशन यांच्या तक्रारी कधी ना कधी येतात. तसं असेल तर डबीची जागा बदलून घेण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

निहोंगो_पुणे

जपानची बाजू स्वच्छ दिसते. मार्च २०११ ते मार्च २०१६ मध्ये ५१,८००, म्हणजे वर्षाला १०,३०० च्या वर. पुढची दोन वर्षं १९,४००, वर्षाला ९,७००. मार्च २०१८ ते नोव्हेंबर २०१९ या वीस महिन्यांत १५,२००, वर्षाच्या हिशेबाने ९,१००. एकाच घरातली गाडी वाटावी असा सारखा वेग आहे. शाकेन आणि निर्यातीच्या मध्ये मीटर मागे घेतलं असतं तर हा शेवटचा टप्पा दोन-तीन हजारांवर आला असता. मुद्दाम मागे घेणारे शेवटच्या शाकेनच्या आकड्याच्या जरा वर येऊन थांबतात, म्हणून नेहमी हाच टप्पा तपासायचा.

कागद_पक्के

किंमत ठरली की बिलावर काय लिहून घ्यायचं ते बघा. 'रनिंगची हमी नाही' असं छापील वाक्य बऱ्याच बिलांवर असतं. त्याऐवजी हे लिहून मागा: ओडो १,०९,३००, त्यातले ८६,४०० किमी आणि उरलेले मैल, एकूण सुमारे ७६,६०० मैल. डीलर हे लिहायला तयार असेल तर व्यवहार सरळ आहे. लिहायला नकार देत असेल तर तो नकारच उत्तर समजा.

डीलरकडून घेतलेली गाडी वर्णनाप्रमाणे नसेल तर कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ खाली पहिल्या ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. जाहिरातीत '६८,००० मैल' असं लिहिलं असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेवा, गाडी विकली की जाहिरात जाते. निदान काही रक्कम तरी क्रेडिट कार्डाने भरा: गाडीची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल तर १९७४ च्या कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार राहते. खासगी माणसाकडून घेताना हे ३० दिवस नसतात, तिथे विक्रेत्याने खोटं सांगितलं हे तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणून मेसेजवरचं बोलणं पुसू नका. मीटर बदलणं हा इथे स्वतःहून गुन्हा नाही, बदललेलं लपवून विकणं हा आहे.

एमओटीतलं एकक सुधारून घेता येतं. तपासणी होऊन २८ दिवस झाले नसतील तर त्याच केंद्राला सांगायचं, त्यानंतर डीव्हीएसएकडे (एमओटी चालवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) पुराव्यासह अर्ज. पुढच्या एमओटीला परीक्षकाच्या हातात चिठ्ठी द्या की हा मिश्र आकडा आहे. चिठ्ठी दिल्याने नोंद आपोआप बरोबर होत नाही, पण निदान एकक दर वर्षी उलटसुलट होत नाही.

कोणी विचारण्याआधी सांगतो, गाडी पुढे भारतात न्यायचा विचार करू नका. तिकडे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आणता येत नाही आणि मीटर किलोमीटरमध्येच लागतं.

वायरिंगचा_कोपरा

गाडी घेतलीत तर सर्व्हिसचा हिशेबही लगेच बदला. ७६,६०० मैल म्हणजे १,२३,००० किमी झाले. जपानी वेळापत्रकात इरिडियम स्पार्क प्लग एक लाख किमीला असतात, म्हणजे ते बदललेत का हे आताच विचारा, मीटर १,०९,३०० 'किमी' दाखवतं म्हणून 'आत्ताच तर लाख झाले' असं समजू नका. सीव्हीटीच्या (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) तेलाचंही तेच. इंजिन ऑइल १०,००० किमीला बदलायचं ठरवलं असेल तर तुमच्या मीटरवर ते ६,२०० नंतर येतं. गॅरेजवाला सवयीने स्टिकरवर १,१९,३०० लिहील आणि स्क्रीनवर 'किमी' बघून तुम्हालाही ते बरोबर वाटेल, पण तोवर गाडी १६,००० किमी पळालेली असेल. स्टिकरवर १,१५,५०० लिहून घ्या.